कुत्रा, सामान आणि विमानाचे पोट

लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयाने १६ ऑक्टोबर २०२५ रोजी एका वरकरणी साध्या प्रश्नाचा निकाल दिला. विमानाच्या मालकक्षातून नेला जाणारा पाळीव कुत्रा कायद्याच्या दृष्टीने कोण आहे? न्यायालयाचे उत्तर होते: सामान.

निकालाची बातमी वाचून अनेक श्वानप्रेमींना धक्का बसला. इतिहासाच्या विद्यार्थ्याला मात्र तो बसू नये, कारण या उत्तराची मुळे जवळजवळ शंभर वर्षे मागे जातात. आजचा थ्रेड त्या मुळांविषयी.

आधी प्रकरण पाहू. २२ ऑक्टोबर २०१९ रोजी एक महिला आपल्या आईसह आणि कुत्रीसह ब्युनोस आयर्सहून बार्सिलोनाला निघाली होती. कुत्री मोठी असल्याने तिला पिंजऱ्यात घालून मालकक्षात पाठवायचे ठरले. विमानाकडे नेत असताना ती निसटली, पळाली आणि पुन्हा कधीच सापडली नाही. मालकिणीने मानसिक त्रासापोटी ५,००० युरोंची भरपाई मागितली. विमान कंपनीने जबाबदारी नाकारली नाही. तिचे म्हणणे एवढेच होते, की हरवलेल्या बॅगेला जी कमाल भरपाई मिळते तीच कुत्रीलाही लागू होईल. न्यायालयाने कंपनीचा मुद्दा मान्य केला.

आता मागे जाऊ. थोडेथोडके नव्हे, थेट फुग्यांच्या काळात.

माणसाआधी आकाशात प्राणी गेले. १९ सप्टेंबर १७८३ रोजी व्हर्साय येथे सोळाव्या लुईच्या समोर मोंगोल्फिए बंधूंच्या फुग्यातून एक मेंढी, एक बदक आणि एक कोंबडा वर गेले व सुमारे आठ मिनिटांनी सुखरूप उतरले. कुत्र्याची पाळी पुढल्या वर्षी आली. १५ सप्टेंबर १७८४ रोजी व्हिन्सेंझो लुनार्दी या इटालियन साहसवीराने लंडनहून उड्डाण केले, तेव्हा त्याच्या टोपलीत एक मांजर, एक कुत्रा आणि पिंजऱ्यातील एक कबूतर होते. मांजराला थंडी बाधली, म्हणून लुनार्दीने वाटेत खाली येऊन त्याला जमिनीवर सोडले आणि पुन्हा वर गेला. कुत्रा शेवटपर्यंत त्याच्यासोबत राहिला.

मला ही मांजराची गोष्ट फार महत्त्वाची वाटते. लुनार्दी आणि त्याचे प्राणी एकाच टोपलीत होते. मांजर कुडकुडते आहे हे त्याला दिसत होते, म्हणूनच तो खाली उतरू शकला. पुढे विमान मोठे झाले, माणूस वरच्या मजल्यावर बसला, प्राणी जमिनीखालच्या कप्प्यात गेला, आणि हे दिसणे संपले.

कायद्याचे वळण आले ते १२ ऑक्टोबर १९२९ रोजी, वॉर्सा येथे. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतुकीसाठी झालेल्या त्या कराराने विमानातून जाऊ शकणाऱ्या गोष्टींचे तीनच वर्ग मानले: व्यक्ती, सामान आणि माल. चौथा वर्ग नव्हता. कुत्रा व्यक्ती नाही हे उघडच, तेव्हा तो उरलेल्या दोहोंपैकी एकात बसणे क्रमप्राप्त होते.

त्या कराराचा हिशेब पाहण्यासारखा आहे. नोंदवलेल्या सामानाची भरपाई होती किलोमागे २५० सुवर्ण-फ्रँक. म्हणजे ६० किलोच्या सेंट बर्नार्डची कमाल किंमत १५,००० फ्रँक, आणि ८ किलोच्या पगची २,०००. प्रेम तराजूत! पण केवळ कुत्र्यांच्या नावाने हळहळण्याचे कारण नाही. त्याच कराराने प्रवाशाच्या जिवाची मर्यादा १,२५,००० फ्रँक ठरवली होती. भागाकार करून पाहा: एक माणूस बरोबर पाचशे किलो सामान. कोवळ्या वयातील विमान व्यवसाय एका अपघातात बुडू नये, ही त्यामागची चिंता होती.

हिंदुस्थानात हा करार १९३४च्या कायद्याने लागू झाला. पुढे १९७२चा कायदा आला आणि २००९मध्ये भारताने १९९९चा माँट्रियल करार स्वीकारला. माँट्रियलने वजनाचा तराजू सामानापुरता बाजूला ठेवून प्रवाशामागे एक ठरावीक मर्यादा आणली. वर्ग मात्र तेच तीन राहिले. मुंबईहून परदेशी निघालेला कुत्राही त्यामुळे त्याच रांगेत उभा आहे.

कायद्याकडून आता यंत्राकडे वळू. मालकक्षात हवा नसते, दाब नसतो, प्राणी गोठून जातात, असा समज सर्रास ऐकू येतो. तो खरा नाही. प्रवासी विमानात जमिनीखालचा मालकक्ष हा त्याच दाबबंद कवचाचा भाग असतो. वर जेवढा दाब, खालीही तेवढाच. खरा प्रश्न उबेचा आणि खेळत्या हवेचा असतो. बाहेरचे तापमान शून्याखाली पन्नास अंशांच्या आसपास जाते आणि प्रत्येक कप्पा सारखा उबदार ठेवलेला नसतो. म्हणूनच प्राणी कोणत्या कप्प्यात आहेत याची लेखी सूचना उड्डाणापूर्वी वैमानिकाला दिली जाते.

यात एक प्रकरण असे आहे, जे श्वानप्रेमींनाही फारसे ठाऊक नसते. अनेक जुन्या विमानांत ‘ड’ वर्गाचे मालकक्ष असत. त्यांची रचना आगीच्या भीतीतून झाली होती. कप्पा इतका घट्ट बंद करायचा की आत आग लागलीच तर प्राणवायू संपून ती आपोआप गुदमरावी. धूरसूचक नाही, अग्निशामक नाही. गुदमरवणे हाच उपाय. आता अशा कप्प्यात धापा टाकणारा जिवंत प्राणी ठेवल्याची कल्पना करा. ज्या बंदिस्तपणावर आगीपासूनचे संरक्षण अवलंबून होते, तोच त्याच्या श्वासावर मर्यादा घालत होता.

ही रचना मोडीत निघाली ती कुत्र्यांच्या कळवळ्याने नव्हे. ११ मे १९९६ रोजी व्हॅल्यूजेट कंपनीचे मायामीहून अटलांटाला निघालेले डीसी-९ विमान फ्लोरिडाच्या दलदलीत कोसळले आणि ११० जण मृत्युमुखी पडले. त्याच्या मालकक्षात मुदत संपलेली, प्राणवायू निर्माण करणारी रासायनिक नळकांडी चुकीच्या पद्धतीने भरलेली होती. आगीला गुदमरवायचे होते, आणि इंधनाबरोबर प्राणवायूही आतच तयार होत होता. त्यानंतर १९९८मध्ये अमेरिकेच्या हवाई प्रशासनाने नियम केला, की मार्च २००१पर्यंत प्रवासी विमानांतील असे कप्पे बदलून तेथे धूरसूचक आणि अग्निशामक यंत्रणा बसवावी.

अमेरिकेतील प्राणी संरक्षण कायद्याच्या कक्षेत विमान कंपन्या १९७६मध्येच आल्या होत्या. पण किती प्राणी दगावतात हे सामान्य माणसाला कळण्याची सोय नव्हती. २०००च्या एका कायद्याने ती केली आणि मे २००५पासून कंपन्यांना अशी प्रत्येक घटना सरकारला कळवणे भाग पडले.

आकडे जमा झाले आणि त्यांतून एक नकाशा उमटला. जुलै २०१०मध्ये अमेरिकी परिवहन खात्याने जाहीर केले, की पाच वर्षांत किमान १२२ कुत्र्यांच्या मृत्यूंची नोंद झाली असून त्यांतील शुद्ध जातीच्या कुत्र्यांपैकी जवळजवळ निम्मे आखूड नाकाचे होते. इंग्लिश बुलडॉग २५, पग ११.

कारण शरीररचनेत आहे. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. तो धापा टाकून अंग थंड करतो. आखूड तोंडाच्या जातींत नाकपुड्या अरुंद आणि टाळू लांबलेली, त्यामुळे हीच क्रिया अवघड होते. भीती, उकाडा आणि धावपट्टीवर उभ्या विमानातील साचलेली हवा एकत्र आली, की श्वास अपुरा पडतो. प्रवासात शांत राहावा म्हणून गुंगीचे औषध देणे तर अधिकच घातक, म्हणून पशुवैद्य त्याला विरोध करतात. आणि धोका आकाशापेक्षा जमिनीवर अधिक असतो, हेही ध्यानात ठेवावे.

येथे आपल्याकडची एक आठवण. २००३च्या सुमारास एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत लहान मुलाच्या मागेमागे फिरणारा पग झळकला आणि भारतभर या जातीला मागणी आली. शतकानुशतके माणसाने आवडीपोटी घडवलेले ते चपटे तोंड, उष्ण देशाच्या विमानतळांवर येऊन ठेपले. आज अनेक कंपन्या या जातींना मालकक्षात घेतच नाहीत.

तरीही वरून खाली पाहणारे असतात. सप्टेंबर २०१५मध्ये तेल अवीवहून टोरांटोला निघालेल्या एअर कॅनडाच्या विमानात मालकक्षाची उष्णतायंत्रणा बिघडली. आत सिंबा नावाचा सात वर्षांचा फ्रेंच बुलडॉग होता. पुढे अटलांटिक महासागर, म्हणजे तासन्‌तास गोठवणारी थंडी. वैमानिकाने दोनशेहून अधिक प्रवाशांसह विमान फ्रँकफर्टला उतरवले. सिंबा दुसऱ्या विमानाने टोरांटोला पोहोचला, इतरांना सुमारे सव्वा तास उशीर झाला. कायद्याच्या भाषेत त्या दिवशी एका बॅगेसाठी विमान वळवले गेले.

भारतालाही असा एक प्रसंग ठाऊक आहे. फेब्रुवारी-मार्च २०२२मध्ये युक्रेनमधून परतणाऱ्या काही भारतीय विद्यार्थ्यांनी आपले कुत्रे-मांजरी मागे सोडायला नकार दिला. एरवी परदेशातून प्राणी आणायचा तर आधी ना-हरकत प्रमाणपत्र, लसीकरणाची कागदपत्रे आणि मुंबई-दिल्लीसारख्या ठरावीक ठिकाणीच असलेल्या विलगीकरण केंद्रातील तपासणी, असा क्रम असतो. बॉम्बवर्षावात तो पाळणार कसा? केंद्र सरकारने त्या परतणाऱ्यांपुरती एकदाची सवलत दिली आणि काही प्राणी मालकांसोबतच मायदेशी आले.

युरोपीय न्यायालयाच्या निकालातील एक तपशील बातम्यांत हरवला. कुत्रा सामान असला, तरी प्रवासात त्याच्या कल्याणाची काळजी घेण्याच्या बंधनातून कंपनी सुटत नाही, असे त्याच निकालात म्हटले आहे. शिवाय माँट्रियल करारात एक तरतूद आहे: प्रवाशाने सामान देतानाच त्याचे विशेष मूल्य लेखी घोषित केले आणि कंपनीने ते मान्य केले, तर जादा रक्कम भरून भरपाईची मर्यादा वाढवता येते. ब्युनोस आयर्सच्या खिडकीवर त्या मालकिणीने अशी घोषणा केलेली नव्हती.