क्रूझवरून लवकर उतरून स्वतःच फिरायचंय? जहाजाचं घड्याळ आधी समजून घ्या

मुंबई–गोवा क्रूझचं बुकिंग करताना मराठी घरात एक प्रश्न हमखास निघतो. "जहाज गोव्यात थांबतंयच, तर मंगेशीला जाऊन येता येईल का?" ज्यांचं कुलदैवत फोंडा तालुक्यात आहे, म्हणजे मंगेशी किंवा कवळ्याची शांतादुर्गा, त्यांच्यासाठी हा प्रश्न फिरण्याचा नसतोच. घरातली मोठी माणसं क्रूझला तयार होतात ती पुष्कळदा दर्शनाच्या आशेवर. कंपनीच्या सहलीचा साचा मात्र ठरलेला असतो. ओल्ड गोव्याची चर्च, पणजी, एखादा समुद्रकिनारा, की परत जहाजावर. कुलदेवीला जायचं असेल तर स्वतःची गाडी करावी लागते आणि जहाजावरून लवकर उतरावं लागतं.

मुंबईहून अशा देशांतर्गत क्रूझचं वेड वाढलं ते सप्टेंबर २०२१ नंतर. कॉर्डेलिया क्रूझेसने आयआरसीटीसीच्या साथीने मुंबईहून गोवा, कोची आणि लक्षद्वीपच्या फेऱ्या सुरू केल्या. त्यांचं 'एम्प्रेस' हे जहाज १९९०चं, पूर्वी रॉयल कॅरिबियन कंपनीकडे असलेलं. सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबईच्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचंही उद्घाटन झालं. खांदेश्वर, कामोठे, नवीन पनवेलच्या सोसायट्यांमध्ये आता "आम्ही क्रूझला जाऊन आलो" हे वाक्य नवलाचं राहिलेलं नाही. पण "लवकर कसं उतरायचं?" याचं उत्तर जाऊन आलेल्यांकडेही नीट नसतं.

जहाज धक्क्याला लागलं म्हणजे उतरता येतं का?

नाही. सगळा घोळ इथेच होतो.

बंदराजवळ आल्यावर स्थानिक पायलट जहाजावर चढतो आणि त्याच्या सल्ल्याने जहाज धक्क्याला आणलं जातं. मग दोर बांधले जातात, शिडी म्हणजे गँगवे लावला जातो, बंदराची कागदपत्रं होतात. जहाज परदेशातून आलेलं असेल तर इमिग्रेशन, कस्टम्स आणि आरोग्य विभागाची परवानगीही लागते. हे सगळं आटोपल्यावर घोषणा होते आणि तुमचं क्रूझ कार्ड स्कॅन करून तुम्हाला सोडलं जातं. तिकिटावर छापलेली वेळ ही जहाज पोहोचण्याची असते, तुमचे पाय जमिनीला लागण्याची नसते. दोन्हींमध्ये अर्धा ते एक तास सहज जातो.

दुसऱ्या टोकालाही तसंच. जहाज सुटण्याची वेळ वेगळी आणि सगळ्यांनी जहाजावर परत असण्याची वेळ वेगळी. ही दुसरी वेळ साधारण अर्धा ते एक तास आधीची असते.

आता हिशेब करा. समजा, वेळापत्रकात मुरगाव बंदर सकाळी ११ ते संध्याकाळी ५ असं लिहिलंय. कागदावर सहा तास. प्रत्यक्षात पावणेबाराला तुम्ही शिडीवरून उतरलात आणि चारला परत पोहोचायचंय, म्हणजे हातात सव्वाचार तास. मुरगावहून मंगेशीला जायला रस्त्यावर तासभर धरा, वाहतूक असेल तर त्याहून जास्त. जाऊन-येऊन अडीच तास गेले. उरलेल्या पावणेदोन तासांत दर्शन, जेवण आणि अडचणीसाठी राखीव वेळ. एक देऊळ आरामात होतं, घाई केली तर दोन. त्यात ओल्ड गोवा, पणजी आणि काजूची खरेदी कोंबायला गेलात तर मात्र गणित फसतं. देवळाच्या दुपारच्या वेळाही आधी फोन करून विचारलेल्या बऱ्या.

आधी कोणाला सोडतात?

जगभरातल्या क्रूझवर क्रम साधारण सारखाच असतो. महागड्या सूटमधले प्रवासी आणि कंपनीच्या सहलीचं तिकीट घेतलेले आधी, स्वतःच्या हिमतीवर फिरणारे नंतर. यात पक्षपात आहेच, पण सोयही आहे. सहलीच्या बस धक्क्यावर उभ्या असतात, त्या वेळेत निघाल्या नाहीत तर पुढचं सगळं वेळापत्रक कोलमडतं. शिवाय त्या सहली कंपनीच्या कमाईचा मोठा भाग असतात, हे कोणी माइकवरून सांगत नाही इतकंच.

दिलासा असा, की जहाज थेट धक्क्याला लागत असेल, जसं मुरगावला, तर या क्रमाचा फरक थोडाच पडतो. गँगवे खुला झाला की गर्दी पहिल्या वीसेक मिनिटांचीच असते. त्या वीस मिनिटांत पुढे राहायचं तर नाश्ता लवकर उरका आणि कार्ड, ओळखपत्र हातात ठेवा. गँगवे कोणत्या डेकवरून उघडणार हे आदल्या रात्रीच रिसेप्शनवर विचारा. भरती-ओहोटीनुसार तो डेक बदलू शकतो. लिफ्टची वाट बघू नका, जिने रिकामे असतात. सोबत आजी-आजोबा असतील तर उलट करा. गर्दी ओसरू द्या, पंधरा मिनिटं गेली तरी चालतील. व्हीलचेअर लागणार असेल तर आदल्या दिवशीच सांगून ठेवा.

खरी कसोटी लागते जहाज समुद्रात उभं राहतं तेव्हा. बंदरात पुरेशी खोली नसली की जहाज बाहेर नांगर टाकतं आणि प्रवाशांना छोट्या बोटींनी, म्हणजे टेंडरने किनाऱ्यावर नेलं जातं. जहाजावर १८०० प्रवासी असतील आणि एका बोटीत १०० जण मावत असतील, तर १८ फेऱ्या. तुमचा नंबर पहिल्या फेरीत की पंधराव्या, यावर अख्खा दिवस ठरतो. अशा वेळी बहुतेक जहाजांवर क्रमांक लिहिलेली टेंडर तिकिटं वाटतात. कुठे आणि किती वाजता, हे आदल्या रात्रीच्या पत्रकात किंवा अ‍ॅपवर असतं. काउंटर उघडण्याआधी तिथे उभं राहणं हाच लवकर उतरण्याचा सगळ्यात भरवशाचा उपाय. काही कंपन्या पहिल्या बोटीचा हक्क पैसे घेऊनही विकतात.

कोकणी माणसाला यात नवीन काही नाही. रस्ते आणि रेल्वे नव्हती तेव्हा मुंबई–गोवा बोटीने हर्णै, जयगड, रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ले असा प्रवास व्हायचा. अनेक ठिकाणी बोट खोल पाण्यात थांबायची आणि माणसं, ट्रंका, कोंबड्या, आंब्याच्या पेट्या असं सगळं पडावात उतरवलं जायचं. हलत्या शिडीवरून हलत्या पडावात पाय टाकायचा, पकडायला खलाशी. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असायची. आजच्या टेंडर बोटीला छप्पर आहे, लाइफ जॅकेट आहे, पण तत्त्व तेच आणि धोकाही तोच. लाटा वाढल्या तर कप्तान उतरणंच रद्द करतो आणि त्यावर अपील नसतं.

लक्षद्वीपला याच कारणाने स्वतःचा बेत आखू नये. बेटांभोवती प्रवाळ आणि उथळ पाणी असल्याने मोठं जहाज बाहेरच थांबतं. शिवाय तिथे भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो. "उतरू आणि रिक्षा करू" हा प्रकार तिथे चालत नाही. कोची याच्या नेमकं उलट. क्रूझ टर्मिनल विलिंग्डन बेटावर, शहराच्या मधोमध. फोर्ट कोचीला जायला टॅक्सी आहे, सरकारी बोटी आहेत, वॉटर मेट्रोही आहे. एकट्याने फिरायची पहिली हौस भागवायला कोचीइतकं सोपं बंदर नाही.

गाडी कुठे उभी राहणार?

मुरगाव हे मालवाहतुकीचं मोठं बंदर आहे, तिथे सीआयएसएफचा पहारा असतो. तुमची टॅक्सी थेट शिडीपाशी येईल असं गृहीत धरू नका. चालकाला बंदराच्या कोणत्या गेटबाहेर उभं राहायचं ते आधीच ठरवा आणि जहाजापासून गेटपर्यंतचा वेळ हिशेबात धरा. ओला-उबरला गोव्यात वर्षानुवर्षे पाय रोवता आलेले नाहीत. गोवा माइल्स हे अ‍ॅप आहे, नाहीतर स्थानिक टॅक्सी. दिवसभराचा दर, थांबण्याचे पैसे आणि परत सोडण्याची वेळ हे तिन्ही व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्या. पूर्ण पैसे आगाऊ देऊ नका. समुद्र खवळला आणि जहाज थांबलंच नाही, तर ते परत मिळवताना दमछाक होते.

उशीर झाला तर जहाज थांबतं का?

कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर बहुतेक कंपन्या जहाज थांबवतात किंवा प्रवाशांना पुढच्या बंदरावर पोहोचवण्याची जबाबदारी घेतात. स्वतः गेलेल्यांसाठी तसं काही नाही.

याचं अलीकडचं बोलकं उदाहरण मार्च २०२४ मधलं. आफ्रिकेच्या पश्चिमेला असलेल्या साओ टोमे बेटावर 'नॉर्वेजियन डॉन' या जहाजावरचे आठ प्रवासी खासगी सहलीला गेले आणि वेळेत परतले नाहीत. जहाज तेव्हा नांगर टाकून उभं होतं. तटरक्षक दलाच्या बोटीने त्यांना जहाजाजवळ नेलंसुद्धा, पण आत घेतलं गेलं नाही. जहाजावरून त्यांचे पासपोर्ट स्थानिक एजंटकडे देण्यात आले आणि जहाज निघून गेलं. ही मंडळी अनेक देश ओलांडत गांबियाला जहाज गाठायला निघाली, तर ओहोटीमुळे जहाज तिथे लागलंच नाही. शेवटी सेनेगलच्या डकारमध्ये भेट झाली.

मुरगावला जहाज चुकलं तर इतकं महाभारत घडत नाही. वास्को स्टेशन जवळ आहे, दाबोळी विमानतळही आहे, मुंबई एका रात्रीवर. पण सामान, औषधं आणि चार्जर जहाजावर, आणि ऐनवेळचं तिकीट खिशातून. म्हणून बीपी-शुगरच्या दोन दिवसांच्या गोळ्या, आधार कार्ड, परदेश दौरा असेल तर पासपोर्टची प्रत, आणि बंदरातल्या एजंटचा फोन नंबर सोबत ठेवा. हा नंबर रोजच्या पत्रकात छापलेला असतो आणि तो कोणीच वाचत नाही. सिंगापूरसारख्या ठिकाणी आणखी एक काळजी. जहाजाची वेळ आणि किनाऱ्यावरची वेळ वेगळी असू शकते आणि मोबाइल आपोआप किनाऱ्याची वेळ दाखवू लागतो. साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावा आणि त्याला हात लावू नका.

मुंबईत परतताना

लवकर उतरण्याचा सगळ्यात सोपा डाव घरच्या बंदरावरच खेळता येतो. शेवटच्या रात्री बहुतेक जहाजांवर मोठ्या बॅगा खोलीबाहेर ठेवायला सांगतात, त्या टर्मिनलवर मिळतात आणि तिथे वाट बघावी लागते. स्वतःचं सामान स्वतः उचलून नेणाऱ्यांना सहसा आधी सोडलं जातं. त्यासाठी आदल्या दिवशी नाव द्यावं लागतं, आणि चाकं असलेली बॅग लागते.

टर्मिनलपासून सीएसएमटी टॅक्सीने जवळ आहे, तिथून पनवेल लोकलने खांदेश्वर सव्वा तासाच्या आसपास. सामान जास्त असेल तर ईस्टर्न फ्रीवेवरून अटल सेतू हा रस्ता वेगवान, फक्त टोल मोजावा लागतो. लोकलनेच यायचं आणि रविवार असेल, तर हार्बरच्या मेगाब्लॉकची वेळ आदल्या दिवशीच बघून घ्या. ब्लॉक सहसा अकराच्या सुमारास सुरू होतो. त्याआधीची गाडी मिळाली तर दुपारचं जेवण घरी.