बॉइलचा साप आणि माझा खांदा

पोर्ट ब्लेअरच्या प्रेशर चेंबरमधून बाहेर आलो तेव्हा डावा खांदा दुखायचा थांबला होता, आणि तिकडे कोल्हापूरला आई अतिदक्षता विभागात होती. दादा फोनवर म्हणाला, ‘‘अरे, बरं वाटतंय ना आता? मग बस की विमानात.’’ डॉक्टर मात्र ठाम होते : निदान तीन दिवस विमान नाही. पाण्याखाली जडलेल्या दुखण्याचा विमानाशी काय संबंध, हे मला तेव्हा कळेना. नंतर वाचत गेलो आणि ध्यानात आलं, की या आजाराच्या इतिहासात खोली आणि उंची पहिल्यापासून एकाच घरात नांदतात.

१६७० साली रॉबर्ट बॉइलने काचपात्रात एक विषारी साप ठेवून पंपाने आतली हवा उपसली. सापाच्या डोळ्यातल्या पाण्यात त्याला एक बुडबुडा हलताना दिसला. म्हणजे नोंदीतला हा पहिला रोगी पाण्यात उतरलेलाच नव्हता. एका अर्थी तो आकाशात गेला होता.

माणसांची पाळी आली ती खाणी आणि पूल खणताना. नदीच्या तळाशी बिनबुडाची पेटी सोडायची, दाबाने हवा भरून पाणी हटवायचं आणि आत मजूर उतरवायचे. त्रास आत असताना होत नाही, बाहेर पडल्यावर होतो, आणि पुन्हा दाबाखाली नेलं की उतरतो, हे पोल आणि वातेल या फ्रेंचांनी १८५४ मध्येच लिहून ठेवलं होतं. ऐकलं कोणी? १८७० मध्ये सेंट लुईसला मिसिसिपीवरच्या पुलाचे मजूर मरू लागले. त्यांचा डॉक्टर जामिने स्वतः खाली जाऊन आला आणि लुळा पडला. त्या काळी बायकांत कमरेतून पुढे झुकून चालण्याची फॅशन होती, तिच्यावरून वाकलेल्या मजुरांच्या दुखण्याला ‘बेंड्स’ नाव पडलं म्हणतात. ब्रुकलिन पुलाचा मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग १८७२ मध्ये याच आजाराने खचला. पूल १८८३ मध्ये खुला होईपर्यंत त्याची पत्नी एमिली निरोप नेत, स्वतः शास्त्र शिकत काम रेटत राहिली. तिच्यावर वेगळा लेखच व्हायला हवा.

उलगडा केला पॉल बेरने. बलूनमधून उंच जाणारे आणि खोल उतरणारे, दोघांनाही त्याने १८७८ च्या एकाच ग्रंथात घेतलं. दाबाखाली शरीरात विरघळलेला नायट्रोजन, दाब झटक्यात उतरला की बुडबुडे होऊन सुटतो, सोडावॉटरच्या बाटलीसारखा. १९०८ मध्ये हॉल्डेनने बकऱ्यांवरच्या प्रयोगांतून टप्प्याटप्प्याने वर येण्याचे तक्ते दिले.

आता विमान. केबिनमध्ये हवा भरलेली असते, पण जमिनीइतकी दाट नव्हे. फार तर ८,००० फुटांच्या डोंगरावर असते तितपत. म्हणजे दाब साधारण पाऊण. दाब पाऊण झाला की बुडबुडा एक-तृतीयांशाने फुगतो. हा नियमही बॉइलचाच! धडधाकट पाणबुड्याने एका साध्या डुबकीनंतर १२ तास, अनेक डुबक्यांनंतर १८ तास तरी थांबावं, असं तज्ज्ञांच्या २००२ च्या बैठकीत ठरलं. आजार होऊन गेलेल्याचं गणित निराळं. दुखणं थांबलं तरी बारीक बुडबुडे आणि त्यांनी दुखावलेल्या पेशी मागे उरू शकतात. अमेरिकी नौदलाची पुस्तिका पूर्ण बऱ्या झालेल्यालाही किमान ७२ तास थांबवते; लक्षणं उरली असतील तर डॉक्टर काही आठवडेही सांगतात. रुग्णाला हलवायचंच झालं, तर हेलिकॉप्टर हजार फुटांखाली ठेवतात, नाहीतर केबिनचा दाब समुद्रसपाटीइतका राखणारं विमान मागवतात.

माझ्यासाठी असलं विमान कोण पाठवणार? चेन्नईचं जहाज होतं, तेही तीनेक दिवस घेणार. थांबलो. दादा एकदा फोनवर बोलता बोलता गप्प झाला, तेव्हा तिकीट काढायला निघालोही होतो, गेटापाशी थांबलो. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी हात वर-खाली करायला लावला, डोळे मिटून सरळ रेषेत उभं केलं आणि चिठ्ठी दिली.

कोल्हापूरला पोचलो तेव्हा आईला वॉर्डात आणलं होतं. माझ्या खांद्याबद्दल दादाने तिला काहीच सांगितलं नव्हतं.