संदेशमुद्रित फुलांचा व्यवसाय

ग्राहकाने सांगितलेले नाव, मजकूर किंवा चित्र फुलाच्या पाकळीवर, गुच्छाच्या फितीवर किंवा वेष्टनावर छापून ती फुले विकण्याचा व्यवसाय. वरवर पाहता हा फूलविक्रीचाच एक प्रकार वाटतो. हिशेब मात्र वेगळा आहे. साधा गुलाब आज खपला नाही तर उद्याच्या गुच्छात जातो, तिथेही उरला तर त्याच्या पाकळ्या मोकळ्या करून लग्नाच्या सजावटीत वापरता येतात. ‘सायली’ असे छापलेल्या गुलाबाला गिऱ्हाईक एकच असते आणि तेही एकाच दिवसाचे. त्यामुळे पैसे आधी, छपाई शेवटी, हा या धंद्याचा पहिला नियम आहे. दुकानाची मांडणी, खरेदीचे वेळापत्रक आणि ग्राहकाशी होणारा करार हे सारे या एका नियमातून ठरते.

फुलांकरवी निरोप पाठवण्याची हौस जुनी आहे. तुर्कस्तानात फुले आणि वस्तू यांतून सांकेतिक निरोप देण्याच्या प्रथेचे वर्णन इंग्रज लेखिका लेडी मेरी वर्टली माँटेग्यू यांच्या पत्रांत आहे. ती पत्रे 1763 मध्ये प्रसिद्ध झाली. 1819 मध्ये पॅरिसमध्ये शार्लोत द लातूर या टोपणनावाने ‘फुलांची भाषा’ सांगणारे पुस्तक निघाले आणि मग युरोपात अशा कोशांचे पेवच फुटले. या कोशांची अडचण अशी, की त्यांचे आपसांत जुळत नसे. एकाच फुलाला एका पुस्तकात एक अर्थ, तर दुसऱ्यात भलताच. निरोप नीट पोचवायचा तर फुलासोबत शब्द हवेत, ही गरज तिथेच दिसते.

व्यापाराच्या अंगाने ती गरज तारायंत्राने भागवली. 1908 मध्ये बर्लिनचे फूलविक्रेते माक्स ह्युब्नर यांनी गावोगावच्या विक्रेत्यांची साखळी उभी केली. तिचीच पुढे फ्लूरॉप ही संस्था झाली. 1910 मध्ये अमेरिकेत तारेने फुले पाठवणाऱ्या विक्रेत्यांची तशीच संघटना स्थापन झाली. ग्राहक आपल्या गावात पैसे भरी, मजकूर तारेने जाई आणि दूरच्या गावातला विक्रेता तो कार्डावर लिहून फुलांसह पोचता करी. आजची ऑनलाइन फूलविक्री याच पद्धतीवर चालते, फक्त तारेची जागा मोबाइलने घेतली आहे.

छापील शब्द फुलांवर प्रथम आले ते फितीच्या रूपाने. जर्मनीत आणि आसपासच्या देशांत अंत्यविधीच्या पुष्पचक्राला रुंद सॅटिनची फीत लावून तिच्यावर देणाऱ्याचे नाव आणि निरोपाचे शब्द छापतात. दक्षिण कोरियात लग्न, दुकानाचे उद्घाटन आणि अंत्यविधी या तिन्ही प्रसंगी माणसाहून उंच, मजल्यामजल्यांची फुलांची आरास पाठवण्याचा रिवाज आहे. तिच्या दोन बाजूंना लोंबणाऱ्या फितींवर पाठवणाऱ्याचे नाव, हुद्दा आणि शुभेच्छा असतात. कार्यक्रम उरकल्यावर हीच आरास फीत बदलून पुन्हा विकली जाऊ लागली, तेव्हा तिथल्या सरकारने 2020 पासून पुनर्वापराची आरास असेल तर तसे लिहिण्याची सक्ती केली. यातली गंमत अशी, की फूल पुन्हा विकता येते, छापलेली फीत नाही. महाराष्ट्रात छापील फितीचा प्रकार मुख्यतः श्रद्धांजलीच्या पुष्पचक्रावर संस्थेचे नाव लावण्यापुरता राहिला. प्रत्यक्ष पाकळीवर छपाई मात्र अलीकडची, एकविसाव्या शतकातली. नखांवर चित्रे छापणारी लहान इंकजेट यंत्रे निघाली आणि त्यांतल्याच काहींना फूल धरण्याची सोय जोडण्यात आली.

पाकळी हा छपाईसाठी नाठाळ पृष्ठभाग आहे. गुलाबाच्या पाकळीचा मखमली पोत तिच्या वरच्या थरातील शंकूच्या आकाराच्या सूक्ष्म पेशींमुळे येतो. शिवाय त्यावर मेणासारखा थर असतो. पाण्याचा थेंब तिथे पसरत नाही, गोल राहतो. मात्र कमळाच्या पानावरून घरंगळतो तसा घरंगळतही नाही, चिकटून बसतो. 2008 मध्ये चिनी संशोधकांनी या गुणाचे शास्त्रीय वर्णन केले. छपाईवाल्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की साधी पाण्याची शाई पाकळीत मुरत नाही, तिचे ठिपके ठिपके होतात. म्हणून चटकन वाळणारी शाई, बारीक थेंब आणि गरज पडल्यास आधी पातळ अस्तर, अशी तजवीज करावी लागते. दुसरी अडचण जिवंतपणाची. कळी उमलताना पाकळी वाढते आणि पसरते, त्यामुळे घट्ट कळीवर छापलेली अक्षरे दुसऱ्या दिवशी फाकलेली दिसतात. पूर्ण उमललेले फूल घेतले तर ते घरी पोचेपर्यंत गळायला लागते. अर्धवट उमललेले फूल, बाहेरच्या दोनतीन जाड, डागाळलेल्या पाकळ्या काढून टाकलेले, हा त्यातला मध्यममार्ग.

रंगाची निवड बहुतेक वेळा ग्राहकाच्या मनाविरुद्ध जाते. इंकजेटच्या शाया पारदर्शक असतात, त्या पांढऱ्या कागदासाठी बनलेल्या. लाल गुलाबावर पिवळी अक्षरे उमटत नाहीत, निळ्यांचा नुसता काळसर डाग दिसतो. लालावर छापायचे तर आधी पांढरा थर द्यावा लागतो किंवा सोनेरी वर्ख वापरावा लागतो. पांढरा, फिकट पिवळा किंवा फिकट गुलाबी गुलाब सगळ्यांत सोयीचा. गुलाबाखेरीज अँथुरियमचे गुळगुळीत पान, लिली आणि ट्यूलिप यांवर छपाई चांगली बसते. कार्नेशनच्या झालरीसारख्या कडा आणि जर्बेराच्या अरुंद पाकळ्या यांवर ती जमत नाही. झेंडू, शेवंती, निशिगंध, मोगरा ही महाराष्ट्रात सर्वाधिक खपणारी फुले तर या छपाईच्या कक्षेबाहेरच राहतात. त्यांच्यासाठी फीत किंवा कार्ड हाच मार्ग. देवाला वाहायच्या फुलांवर कोणी छपाई मागत नाही. वास घेतलेले फूलही जिथे चालत नाही तिथे शाई लागलेले चालण्याचा प्रश्नच नाही.

छपाईच्या पद्धती चार. इंकजेट यंत्रात फूल धारकात उभे करून पाकळीवर थेट मजकूर किंवा फोटो छापतात. वेग चांगला, खर्च शाईचा आणि नोझल साफ ठेवण्याचा. वर्खाच्या पद्धतीत सोनेरी किंवा रुपेरी पत्रा ठशाने पाकळीवर उतरवतात. उष्णता जास्त झाली की पाकळी तपकिरी पडते, त्यामुळे ही कामे अनुभवी हाताकडेच द्यावीत. साचा ठेवून रंग फवारणे ही स्वस्त पद्धत. मोठी अक्षरे, बदाम, तारे यांपलीकडे ती जात नाही. चौथी फितीची: सॅटिनच्या रिबनवर लहान थर्मल यंत्राने छापलेला मजकूर स्वच्छ दिसतो आणि पाण्याने सहसा जात नाही. शोभा पाकळीची असली, तरी भरवसा फितीचा. जाणता विक्रेता दोन्ही विकतो.

देवनागरी छपाईला स्वतःची पथ्ये आहेत. मोठ्या गुलाबाची पाकळीही चारपाच सेंटिमीटरच्या आसपास रुंद असते आणि ती वाकलेली असते. त्यात शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षरे यांना जागा लागते. रोमन अक्षरे ज्या आकारात वाचता येतात त्या आकारात ‘कृष्णा’ वाचता येत नाही. ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ हा मजकूर फितीचा आहे. पाकळीवर नुसते नाव किंवा ‘आई’, ‘आभार’, ‘सॉरी’ एवढेच नेटके बसते. यंत्रासोबत येणाऱ्या सॉफ्टवेअरला पुष्कळदा देवनागरीची जोडणी कळत नाही: वेलांटी उलट्या बाजूला जाते, जोडाक्षर फुटून हलन्त दिसू लागतो. यावरचा खात्रीचा उपाय म्हणजे मजकूर दुसरीकडे नीट जुळवून त्याचे चित्र करणे आणि ते चित्र यंत्राला देणे. एका गुच्छात फुलागणिक एक अक्षर छापून नाव तयार करण्याची टूमही निघाली आहे. तिथे ‘ऐश्वर्या’ला ऐ, श्व, र्या अशी तीनच फुले लागतात, हे परप्रांतीय ऑनलाइन विक्रेत्याच्या दरपत्रकाला उमगत नाही.

मजकुराची खातरजमा हा कामाचा कंटाळवाणा पण सर्वांत महत्त्वाचा टप्पा. फोनवरून ऐकलेले नाव छापू नये. ग्राहकाने स्वतः टाइप केलेला मजकूर घ्यावा, छपाईचा नमुना व्हॉट्सॲपवर पाठवावा आणि होकार आल्यावरच यंत्र चालू करावे. ऱ्हस्वदीर्घाची चूक ग्राहकाने केलेली असली तरी ती दाखवून द्यावी. गुच्छ हातात पडल्यावर दोष दुकानालाच लागतो.

फुलांची निगा नेहमीच्याच शास्त्राने होते, छपाईमुळे तिच्यात एक गाठ मात्र वाढते. गुलाब 2 ते 4 अंश सेल्सिअस तापमानात, भरपूर आर्द्रतेत टिकतो. देठ स्वच्छ पाण्यात, तिरपा छाट देऊन ठेवावा लागतो. फळे त्याच शीतपेटीत ठेवू नयेत, कारण पिकणाऱ्या फळांतून निघणारा इथिलीन वायू फुले लवकर वार्धक्याला नेतो. अँथुरियम उष्ण प्रदेशातले असल्याने त्याला गुलाबाची थंडी सोसत नाही, ते काळवंडते. छपाईची गाठ अशी: शीतपेटीतून काढलेले फूल मुंबईच्या दमट हवेत आले की पाकळीवर दव धरते आणि त्यावर शाई ठरत नाही. फूल वेष्टनासह खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे, पाकळी कोरडी झाल्यावर छापावे, शाई वाळल्यावर वातानुकूलित खोलीत ठेवावे. पुन्हा शीतपेटीत टाकले तर बाहेर काढताना तोच प्रकार होतो. याचा परिणाम असा, की छापलेल्या फुलांचा साठा करणे व्यवहार्य नाही. पोचवण्याच्या दिवशीच छपाई करावी लागते. ग्लिसरिनची प्रक्रिया करून टिकवलेले गुलाब मात्र महिनोन्‌महिने राहतात. त्यांच्यावर सवडीने छापता येते, पण किंमत कितीतरी वाढते आणि ताज्या फुलाचा वास व ओलावा नसतो.

महाराष्ट्रात या व्यवसायाला कच्चा माल जवळ आहे. मावळ तालुक्यात, तळेगाव दाभाडेच्या परिसरात हरितगृहांतून गुलाबाचे मोठे उत्पादन होते. तिथे फुलशेतीसाठी औद्योगिक विकास महामंडळाचे स्वतंत्र क्षेत्र आहे आणि हरितगृह शेतीचे प्रशिक्षणही मिळते. मुंबईत दादरचा आणि पुण्यात गुलटेकडीचा बाजार पहाटेपासून चालतो. गुलाब वीस फुलांच्या जुडीने विकला जातो. छपाईसाठी घेताना देठाची लांबी दुय्यम, कळीचा आकार आणि पाकळीवर डाग नसणे महत्त्वाचे. कळीला जाळीची टोपी घालून वाढवलेला माल त्यासाठी चांगला.

दर ठरवताना नवखे विक्रेते एक चूक हमखास करतात: फूल, शाई आणि वेष्टन यांची बेरीज करून त्यावर नफा चढवतात. वाया जाणारी फुले त्यात धरलेली नसतात. समजा फूल 20 रुपयांना पडले आणि छपाईत दहापैकी दोन बिघडली, तर विकण्याजोग्या प्रत्येक फुलाची किंमत 25 रुपये झाली. त्यावर नमुना पाठवणे, होकाराची वाट पाहणे आणि ठरल्या वेळी घरपोच देणे यांत जाणारी मजुरी. एका गुलाबाच्या ऑर्डरीला आणि पन्नास गुलाबांच्या ऑर्डरीला मजकूर जुळवण्याचे श्रम सारखेच पडतात, म्हणून मजकुराचा आकार वेगळा आणि फुलांचा वेगळा लावणे रास्त ठरते.

कायद्याच्या बाजूने दुकान सुरू करणे अवघड नाही. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना अधिनियमानुसार कामगार थोडे असतील तर नोंदणीऐवजी सूचना देणे पुरते. वेष्टनाबाबत 2018 पासूनची राज्यातील प्लास्टिकबंदी पाळावी लागते. मजकुराची जबाबदारी अधिक नाजूक आहे. चित्रपटातील पात्रे, कंपन्यांची बोधचिन्हे यांवर मालकी हक्क असतात. निनावी फुले हा प्रकार गमतीचा वाटला, तरी नकार दिलेल्या स्त्रीशी वारंवार संपर्क साधू पाहणे भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली गुन्हा ठरू शकते. पाठवणाऱ्याचे नाव आणि क्रमांक दुकानाच्या नोंदीत असल्याशिवाय निनावी गुच्छ स्वीकारू नये. तसेच ग्राहकाचा खासगी मजकूर जाहिरातीसाठी फोटो काढून मिरवू नये. केकवर ठेवण्यासाठी छापील गुलाब मागणाऱ्याला स्पष्ट सांगावे, की शाई खाद्य रंगाची असली तरी बाजारातल्या गुलाबावर कीटकनाशकांची फवारणी झालेली असते.

मागणीचा भर फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात, 7 तारखेच्या रोझ डेपासून 14 च्या व्हॅलेंटाइन डेपर्यंत असतो. नेमका तेव्हाच गुलाबाचा घाऊक भाव चढलेला असतो. त्या आठवड्यावर वर्ष काढता येत नाही. साखरपुडे, डोहाळजेवणे, वाढदिवस आणि विशेषतः कार्यालयांचे समारंभ यांवर नियमित उत्पन्न अवलंबून राहते. कार्यालयाची ऑर्डर एकाच मजकुराची, मोठ्या संख्येची आणि आधी ठरलेली असल्याने तिच्यात नासाडी कमी. निव्वळ छपाईयंत्र घेऊन नवे दुकान थाटण्यापेक्षा चालत्या फूलविक्रीला ही सोय जोडणे शहाणपणाचे, कारण छपाईत न बसणारी फुले तिथे साध्या गुच्छात खपतात. गुलाबाची छाटणी केल्यापासून फूल तोडणीला येईपर्यंत साधारण सहा ते आठ आठवडे जातात, त्यामुळे व्हॅलेंटाइनसाठी पांढऱ्या गुलाबाची मागणी उत्पादकाकडे डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातच नोंदवावी.