बिदरी हुक्का
हुक्क्याच्या पाण्याच्या भांड्याचा बीदर येथील नक्षीदार प्रकार. जस्तात थोडे तांबे मिसळून ओतलेल्या भांड्यावर चांदीच्या तारा व पत्रे ठोकून बसवतात. मग बीदरच्या किल्ल्यातील माती व नवसागर यांच्या लेपाने धातू काळा पडतो, चांदी मात्र उजळच राहते. तंबाखू मुघल बादशहा अकबराच्या दरबारी त्याचा वकील असद बेग याने 1604 च्या सुमारास विजापूरहून नेली, म्हणजे मुघल दरबारात हा शौक दख्खनमधूनच पोहोचला. संग्राहक काळ ओळखतात तो आकारावरून: सतराव्या शतकातील भांडी गोल, कड्यावर ठेवायची, अठराव्यातील बहुधा घंटेसारखी, सपाट बुडाची. लाकडी नळ्या व चिलमी क्वचितच टिकल्याने अखंड हुक्का दुर्मिळ. सुट्या भांड्यांना पुष्कळदा फुलदाणी समजले जाते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात उत्तम नमुने आहेत.