नर प्रजनक माशांमध्ये वृषणाची वाढ आणि संप्रेरके

रोहू, कटला, मृगळ यांचे बीज घेताना सारे लक्ष मादीच्या पोटाकडे असते. नर कसाही चालतो, असा समज आहे. अंडी फलित न होण्यामागे बऱ्याचदा अपक्व नर असतो. इंजेक्शनने वृषण वाढत नाही. आधीच तयार झालेल्या वृषणातून मिल्ट मोकळे होते, एवढेच.

वृषण कसे वाढते?

लहान नरात वृषण म्हणजे हवेच्या पिशवीलगतचे दोन बारीक धागे. मासा वयात येऊ लागला की मेंदूतील जीएनआरएच हे संप्रेरक पीयूषिका ग्रंथीला चालना देते. ही ग्रंथी एफएसएच व एलएच रक्तात सोडते. सुरुवातीच्या वाढीत एफएसएचचा वाटा मोठा. त्याच्या प्रभावाने सर्टोली पेशी शुक्राणूंच्या मूळ पेशींना पोसतात. लेडिग पेशी ११-किटोटेस्टोस्टेरॉन बनवतात; माशांमधील हे मुख्य नरसंप्रेरक. मूळ पेशींपासून शुक्राणू तयार व्हायला कित्येक आठवडे लागतात. शेवटी एलएच वाढले की मिल्ट पातळ होऊन बाहेर येते.

कार्प माशांत या शेवटच्या टप्प्याला डोपामाइनचा लगाम असतो. नदीला पूर आला की मासे आपोआप प्रजनन करतात, तळ्यातल्या साचलेल्या पाण्यात मात्र नाही. ओव्हाप्रिममध्ये जीएनआरएचसारखे द्रव्य आणि डोपामाइन रोखणारे डोमपेरिडोन असते, ते यासाठीच. डॉ. हिरालाल चौधरी यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे पीयूषिकेचा अर्क टोचून कार्पचे प्रजनन घडवले, तेव्हाही नर-मादी आधीच पक्व होते.

बीड जिल्ह्यातील अडचण

प्रमुख कार्पचे नर साधारण दुसऱ्या वर्षी वयात येतात. दिवस मोठा होऊ लागला आणि पाणी तापू लागले की, म्हणजे फेब्रुवारी ते मे या काळात, वृषण भरते. नेमके याच काळात आपल्याकडची शेततळी आटतात. उथळ, गर्दीच्या पाण्यात उपाशी राहिलेला नर जूनमध्ये मोठा दिसला तरी कामाचा नसतो. म्हणून उन्हाळाभर किमान दीड मीटर पाणी टिकेल अशी खात्री असेल तरच प्रजनक मासे सांभाळावेत. नसेल तर माजलगाव किंवा मांजरा प्रकल्पासारख्या मोठ्या जलाशयाच्या परिसरात सोय पाहावी, अथवा सरळ खात्रीचे बीज विकत घ्यावे.

जानेवारीपासून नर-मादी वेगळ्या तळ्यांत ठेवावेत. वजनाच्या २ ते ३ टक्के प्रथिनयुक्त खाद्य रोज द्यावे.

सायप्रिनसचे उलट आहे. त्याचा नर सहा-आठ महिन्यांतच वयात येतो, खाल्लेले बरेचसे मिल्टकडे जाते आणि वजन रेंगाळते. विक्रीसाठी पाळताना त्याला फार दिवस ठेवण्यात फायदा नाही.

नर कसा ओळखावा?

पक्व नराच्या छातीच्या पराची आतली बाजू खरखरीत लागते. पोटावर हलका दाब देताच दुधासारखे मिल्ट येते आणि पाण्यात लगेच पसरते. मिल्ट न आलेल्या नराला जादा डोस देऊ नये. तो परत तळ्यात सोडून आठवडाभराने पुन्हा तपासावा.