कुरवंड्याची वाट आणि पुण्याचं मंडळ

लोणावळ्याजवळच्या कुरवंड्याहून कोकणात उतरणारी वाट चावणीजवळ उंबरखिंडीत पोचते. 2 फेब्रुवारी 1661 रोजी शायिस्ताखानाचा सरदार कारतलबखान या वाटेने उतरला आणि दाट रानात शिवरायांच्या कचाट्यात सापडला. शरण येऊन, सारं सामानसुमान टाकून त्याला परत फिरावं लागलं. या लढाईचं सविस्तर वर्णन कवींद्र परमानंदांच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात आहे. त्याची पोथी स. म. दिवेकरांना थेट तंजावरात सापडली. 1927 साली ती छापून मराठी वाचकांपुढे ठेवली पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने.

मंडळाचं मूळ इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांच्या पायपिटीत आहे. वाईला मिळालेल्या पत्रांवरून त्यांनी 1898 मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधनें’चा पहिला खंड काढला. पुढे गावोगावच्या वाड्यांत, माळ्यांवर पडलेली दप्तरं त्यांनी धुंडाळली. पण एकट्याने किती घरं पालथी घालणार? म्हणून 7 जुलै 1910 रोजी खंडेराव मेहेंदळे यांच्यासह त्यांनी मंडळ स्थापन केलं. सभांत निबंध वाचायचे, त्यावर वाद घालायचा आणि इतिवृत्तात छापून काढायचं, ही शिस्त सुरुवातीपासूनची.

हे काम फार चिकाटीचं. रुमाल सोडायचा, कसर लागलेला कागद अलगद उलगडायचा, शब्द न तोडता सलग लिहिलेली मोडी लावायची. तारखेच्या जागी ‘छ’ म्हणजे चंद्र, त्यापुढे अंक आणि मुसलमानी महिना. जंत्री घेऊन त्याची तिथी जुळवली, की पत्र आपल्या जागी बसतं.

दत्तो वामन पोतदार, ग. ह. खरे यांच्यासारख्यांनी या कामाला आयुष्य वाहिलं. त्रैमासिक निघालं, मोडी आणि फारसी कागद, पोथ्या, नाणी, चित्रं जमत गेली. सदाशिव पेठेतल्या वास्तूत आज लाखो कागद आहेत. राजवाडे 1926 मध्ये गेले. त्यांच्या नावाने धुळ्यातही संशोधन मंडळ उभं राहिलं.

पराक्रम घाटात घडला, पण तो टिकला कुणीतरी पोथी सांभाळली, कुणीतरी ती शोधली म्हणून. मावळातल्या जुन्या घरांत अजून एखादं दप्तर असेल, तर घर पाडताना ते रद्दीत घालू नका, जाणकाराला दाखवा. राजवाड्यांनी दारोदार जाऊन हेच तर मागितलं होतं.