मोडीत काढायची वेळ कोण ठरवतं?

१४ ऑक्टोबर २०२५ नंतरच्या सकाळीही परभणीतले जुने लॅपटॉप रोजच्यासारखेच सुरू झाले. कीबोर्डावरची अर्धी अक्षरं पुसलेली, बिजागरी ढिली, बॅटरी नावापुरती. पण सातबारा निघत होता, ऑनलाइन फॉर्म भरले जात होते, प्रिंट येत होती. बदल झाला होता तो अमेरिकेत. मायक्रोसॉफ्टने त्या तारखेपासून विंडोज १० चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट थांबवले. विंडोज ११ टाकायचं तर मशीनमध्ये टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप हवी आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ च्या पुढचा हवा. त्याआधीचा लॅपटॉप कितीही धडधाकट असो, कंपनीच्या यादीत त्याला जागा नाही. घरगुती वापरासाठी वर्षभराची मुदतवाढ मिळाली, तेवढीच.

आहे तोच अपग्रेड करावा की नवा घ्यावा, हा प्रश्न घरोघरी खिशाचा म्हणून मांडला जातो. खर्च किती, अजून किती वर्षं चालेल, मुलाचं कॉलेज कधी संपतं. हिशोब बरोबरच आहे, पण अर्धा. परभणी जिल्ह्यात गेल्या सव्वाशे वर्षांत आलेली यंत्रं पाहिली, तर झिजून गेलेली थोडी निघतात. बाकीची चालू स्थितीतच मोडीत गेली, कारण कुठेतरी दूर बसलेल्या कोणीतरी मोजमाप बदललं.

त्यातलं सगळ्यात मोठं यंत्र म्हणजे खुद्द रेल्वे.

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर निजामाच्या राज्यात हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे सुरू झाली. मनमाडहून निघालेला हा मार्ग औरंगाबाद, सेलू, परभणी, पूर्णा करत हैदराबादकडे जात होता. रुळांतलं अंतर एक मीटर. मनमाडच्या पुढे मुंबईकडे जाणारा मार्ग मात्र ब्रॉडगेज, म्हणजे १,६७६ मिलिमीटरचा. त्यामुळे सेलू-मानवतच्या बाजारपेठेतला कापूस मुंबईला जायचा तर मनमाडला एका गाडीतून उतरवून दुसऱ्या गाडीत चढवावा लागे. मीटरगेजवर सुधारणा झाल्याच नाहीत असं नाही. वायपी आणि वायजी जातीची जोरकस वाफेची इंजिनं आली, नंतर डिझेल आलं. पण मनमाडची हमाली काही चुकली नाही, कारण अडचण इंजिनात नव्हतीच. रुळांतलं अंतर टप्प्याटप्प्याने वाढवता येत नाही; ते एकतर जुनं असतं नाहीतर नवं.

ब्रॉडगेजची मागणी मराठवाड्याने वर्षानुवर्षं लावून धरली. गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषदेच्या लढ्यात ती कायम पुढे राहिली. १९९२ मध्ये रेल्वेने देशभर एकच गेज करायचा कार्यक्रम हाती घेतला आणि पुढच्या काही वर्षांत हा मार्ग रुंद झाला. फायदा उघड होता. पण पूर्णा हे मीटरगेजचं मोठं जंक्शन, इंजिनांच्या शेडवर उभं राहिलेलं गाव. तिथल्या फिटरांनी वर्षानुवर्षं जपलेली इंजिनं नव्या रुळांवर एक फूटही सरकणार नव्हती. पूर्णा-अकोला मार्गावर छोटी लाइन पुढे २००८ च्या सुमारापर्यंत तगली, मग तीही गेली. ज्यांना मीटरगेजच्या इंजिनाचा आवाज ऐकून दुखणं कळायचं, त्यांचं ज्ञानही इंजिनांबरोबरच निवृत्त झालं.

याच्या नेमकी उलटी गोष्ट भारतात आलेल्या पहिल्या मोठ्या संगणकांची आहे. आयबीएमचा १४०१ हा संगणक अमेरिकेत १९५९ मध्ये जाहीर झाला. १९६० च्या दशकात भारतीय रेल्वेच्या विभागीय मुख्यालयांत पगारपत्रकं आणि मालवाहतुकीचे हिशोब त्याच्यावर होऊ लागले. कंपनी यंत्रं विकण्याऐवजी भाड्याने देई. बाहेरच्या देशांतून परत आलेली वापरलेली यंत्रं मुंबईच्या कारखान्यात दुरुस्त करून ती इथे लावली जात. अमेरिकेत जे मॉडेल मागे पडलं, त्याचं भाडं इथे चालू राहिलं. १९७० च्या दशकात संसदेच्या लोकलेखा समितीने यावर बोट ठेवलं. परकीय भांडवलाच्या कायद्यावरून सरकारशी बिनसल्यावर १९७८ मध्ये आयबीएमने भारतातला गाशा गुंडाळला. यंत्रं इथेच राहिली आणि ती सांभाळायचं काम सीएमसी या सरकारी कंपनीकडे आलं. मूळ मालक निघून गेल्यावरही सीएमसीच्या इंजिनिअरांनी ती चालवून दाखवली. म्हणजे जुनं यंत्र हटवणं जसं कोणाच्या सोयीचं असतं, तसं ते चालू ठेवणंही कोणाच्या तरी सोयीचं असतं, आणि एकदा कारागिरांच्या हाती पडलं की ते अपेक्षेपेक्षा जास्त जगतं.

परभणीच्या कचेरीबाहेर तेव्हा राज्य होतं टाइपरायटरचं. गोदरेजने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचा पहिला टाइपरायटर बाजारात आणला. गोदरेज आणि रेमिंग्टन ही नावं तहसील, कोर्ट आणि टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये घरची झाली. टाइपरायटरची दुरुस्तीही उघड्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर चाले. रॉकेलमध्ये बुडवलेल्या ब्रशने दांड्यांतला मळ काढायचा, वाकलेली दांडी पकडीने सरळ करायची, झिजलेलं अक्षर बदलून नवं डाखायचं, रबराचा रूळ गुळगुळीत झाला की त्यावर नवं रबर चढवून आणायचं. आख्खा टाइपरायटर फेकायची वेळ क्वचितच येई. इन्स्टिट्यूटमधली एकेक मशीन विद्यार्थ्यांच्या कित्येक तुकड्यांचे ठोके खाऊनही उभी असे.

गोदरेजने २००९ मध्ये उत्पादन थांबवलं, तरी इन्स्टिट्यूट चालूच राहिल्या. त्यांचा खरा प्राण कारखान्यात नव्हता, पुण्यातल्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेत होता. मिनिटाला ३० आणि ४० शब्दांच्या सरकारी परीक्षा टाइपरायटरवर होत होत्या तोवर खेड्यापाड्यांतून मुलं येत राहिली. २०१० च्या दशकात परिषदेने परीक्षा संगणकावर नेली, आणि चालू स्थितीतल्या मशीनच्या रांगा किलोच्या भावाने भंगारात गेल्या. गंमत अशी, की रेमिंग्टनची अक्षररचना मात्र संगणकाच्या कीबोर्डावर जशीच्या तशी पुढे आली. टंकलेखकांच्या बोटांची सवय मोडीत काढणं सरकारलाही परवडलं नसतं.

मराठी संगणकावर आली तीही मुळात अपग्रेड म्हणूनच. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेलं जिस्ट तंत्रज्ञान १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेलं. त्यांचं एक कार्ड मिळे. इंग्रजीपुरता असलेला पीसी उघडायचा, मोकळ्या खाचेत ते कार्ड बसवायचं, की तोच पीसी देवनागरी दाखवू लागे. नवा संगणक घ्यायची गरज नव्हती. कारण पीसीत रिकाम्या खाचा ठेवलेल्या असत, आणि त्यांत कोणाचंही कार्ड बसू शके.

परभणीत संगणकाचा धंदा फोफावला तो या खाचांच्या जोरावर. २००१ मध्ये एमएस-सीआयटी ही संगणक साक्षरतेची परीक्षा सुरू झाली, सरकारी नोकरीसाठी ती लागू लागली आणि जिंतूर, गंगाखेड, पाथरीसारख्या तालुक्यांच्या गावी केंद्रं निघाली. त्यांतले बरेच संगणक असेंबल्ड. कॅबिनेटचे दोन स्क्रू काढले की बाजूचा पत्रा निघायचा. रॅम वाढवायची, हार्ड डिस्क बदलायची, एसएमपीएस जळाला तर दुसरा लावायचा. एकाच संगणकाचा एकेक भाग बदलत सात-आठ वर्षं काढणारे केंद्रचालक होते. शेवटी मूळचा राहिलेला असे तो फक्त पत्रा. सुटे भाग येत मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरमधून. परभणी या दोन बाजारांच्या मधल्या रुळांवर आहे आणि देवगिरी एक्स्प्रेस दोन्हीकडे जाते. पूर्णेच्या शेडला ज्या ब्रॉडगेजने घरी बसवलं, त्याच ब्रॉडगेजने संगणक दुरुस्त करणाऱ्यांना रात्रीत माल आणून दिला.

मग आलं भारनियमन. २००५ पासूनची काही वर्षं मराठवाड्याच्या गावांत दिवसाचे कित्येक तास वीज नसे. डेस्कटॉपला यूपीएस, यूपीएसला बॅटरी, बॅटरीला पाणी, असा लबेदा वाढत गेला. लॅपटॉप इथे पसंत पडला तो आधी अंगच्या बॅटरीमुळे. सोबत नेता येतो हे नंतर.

दुरुस्त करणाऱ्याच्या दृष्टीने मात्र लॅपटॉप म्हणजे संकट. प्रत्येक मॉडेलचा बोर्ड वेगळा, बिजागरी वेगळी, पंखा वेगळा, बॅटरीचा आकारही वेगळा. एकाचा भाग दुसऱ्याला लागत नाही. म्हणून दुकानाच्या माळ्यावर मेलेले लॅपटॉप साठवायची रीत पडली. एकाचा डिस्प्ले, दुसऱ्याचा कीबोर्ड, तिसऱ्याचा स्पीकर. परभणीचा उन्हाळा चाळिशीपार जातो, त्यात काळ्या मातीची बारीक धूळ. पंख्याच्या जाळीवर धुळीचा नमदा बसतो, प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडू होते आणि मशीन मध्येच बंद पडतं. 'मदरबोर्ड गेला' म्हणून आणलेला लॅपटॉप कित्येकदा ब्रश आणि चिमूटभर पेस्टवर परत जातो. अर्थात, हे गिऱ्हाइकाला सांगायचं की नाही, ते ज्याच्या त्याच्या सचोटीवर.

दहाएक वर्षांपूर्वी या दुकानांना एक वरदान मिळालं. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कऐवजी त्याच आकाराची, त्याच जोडणीची एसएसडी बसवता येऊ लागली. सुरू व्हायला पाच मिनिटं घेणारा लॅपटॉप अर्ध्या मिनिटात उठू लागला, तोही नव्याच्या किमतीच्या छोट्याशा हिश्श्यात. अपग्रेडचा इतका फायदा कधीच नव्हता. पण त्याच काळात लॅपटॉप पातळ होत चालले होते. आधी रॅम बोर्डावर डाखून यायला लागली, मग काहींत साठवणूकही. खाचच नसेल तर भरायचं कुठे? आता लॅपटॉपचं आयुष्य तो विकत घेतला त्याच दिवशी ठरून जातं. घेताना विचारावं असं हेच: रॅमला मोकळी खाच आहे का?

सरकारी कामाचा भारही याच लॅपटॉपवर येऊन पडला. सातबारा संगणकावर गेला, फेरफार ऑनलाइन झाले, २०१८ पासून डिजिटल सहीचा उतारा मिळू लागला. तलाठ्याचं दप्तर म्हणजे लॅपटॉप, प्रिंटर आणि सहीचं छोटं यंत्र. दप्तराचं बासन पन्नास वर्षं टिकायचं. लॅपटॉपला पाचव्या वर्षी दम लागतो. तलाठ्यांच्या संघटनेने लॅपटॉप आणि सर्व्हरच्या वेगासाठी राज्यभर आंदोलनं केली, २०२५ मध्ये कृषी सहायकही लॅपटॉपसाठी रस्त्यावर उतरले. महसूल आणि कृषी खात्याचा कारभार त्या पडद्यावर चालतो, पण तो पडदा कधी बदलायचा याचा निर्णय तो वापरणाऱ्याकडे नसतो.

या सगळ्या पडझडीत एक धंदा मात्र तग धरून राहिला, तो मोटार वायंडिंगचा. रब्बीत हरभऱ्याला पाणी द्यायच्या दिवसांत रात्रीची वीज, कमी दाब, मध्येच एक फेज गेलेला. विहिरीवरची मोटार जळते. ती मोटारसायकलवर बांधून तालुक्याला आणली जाते. वायंडर जळक्या कॉइलची टोकं छिन्नीने तोडतो, एका कॉइलचे वेढे मोजतो, मायक्रोमीटरने तारेची जाडी घेतो आणि वहीत लिहून ठेवतो. खाचांत नवा कागद घालून तेवढ्याच वेढ्यांची नवी तांब्याची तार भरतो. जुनं तांबं वजनावर विकलं जातं. कोणत्याही कंपनीची मोटार असो, लागतं ते सगळं त्याच्या दुकानात असतं. परवानगी कोणाची लागत नाही.

पुन्हा भरलेली मोटार अनेकदा पहिल्यापेक्षा जास्त वीज ओढते. शहरात हे बिलात दिसलं असतं. पण इथे अनेक कृषिपंपांची आकारणी मीटरवर नाही, अश्वशक्तीवर झाली, आणि एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीजच मोफत आहे. त्यामुळे दुरुस्ती कायम स्वस्त दिसत आली. वायंडरच्या कसबाइतकाच या दरपत्रकाचाही त्याच्या धंद्याला आधार आहे, हे मान्य करायला हवं.

आता तेही गणित बदलतं आहे. 'मागेल त्याला सौर कृषिपंप' ही योजना २०२४ मध्ये आली. पॅनल, पंप आणि मधे एक बंद पेटी, कंट्रोलर. शेतकऱ्याने दहा टक्के हिस्सा भरायचा, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांनी पाच; पाच वर्षं देखभाल कंपनीची. कंट्रोलर बिघडला तर तक्रार नोंदवून माणसाची वाट पाहायची. पहिल्या पंपांची ही मुदत २०२९ पासून संपू लागेल. ती पेटी उघडायला वेढे मोजणारा कामाचा नाही, बोर्डावरचा जळलेला भाग शोधून नवा डाखणारा हवा, आणि तशी माणसं आज परभणीत लॅपटॉपच्या दुकानांत बसलेली आहेत.